रोजचं कोडं मोबाईलवर सोडवायचंय? मग आधी अंदाज मारणं बंद करा

गेली तीनेक वर्षं मी रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर कोडी सोडवते, आणि गेल्या दिवाळीपासून माझी आईपण सोडवते. आई ६८ वर्षांची, मराठी मीडियममधली, आयुष्यभर पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलने भरलेली. तिला अ‍ॅप शिकवायला बसले तेव्हा मला वाटलं होतं की फोनचंच शिकवावं लागेल, कुठे दाबायचं, मागे कसं यायचं वगैरे, पण ते दोन दिवसांत झालं, आणि खरं म्हणजे कोडं कसं बघायचं हे मीच तिच्याकडून शिकले. मी उत्तर शोधायचे आणि ती म्हणायची "थांब गं, आधी इथे काय नाही बसत ते बघ". एवढ्या एका वाक्याने माझा खेळ बदलला, म्हणून हे सगळं लिहितेय. ज्यांना नव्याने सुरू करायचंय किंवा आठवडाभर खेळून कंटाळून सोडलंय त्यांच्यासाठी.

सुरुवात कशाने करायची

माझं स्पष्ट मत आहे की इंग्रजी शब्दांच्या खेळाने सुरुवात करू नका. बहुतेक जण वर्डलपासून सुरू करतात कारण नाव ऐकलेलं असतं, मग दोन दिवस उत्तर येत नाही आणि आपलं इंग्रजी कच्चं आहे असं वाटून सोडून देतात. तर्काच्या कोड्यांना भाषाच लागत नाही. लिंक्डइनच्या अ‍ॅपमध्ये क्वीन्स, टँगो, झिप असे छोटे खेळ आहेत, क्वीन्स मे २०२४ मध्ये आला आणि टँगो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, फुकट आहेत, फक्त अकाउंट लागतं. नोकरी शोधायचं अ‍ॅप आहे म्हणून आई आधी तयारच नव्हती, "मला कुठे आता नोकरी लागणारे", पण खेळायला कोणी तुमचा बायोडेटा मागत नाही. शब्दांसाठी न्यूयॉर्क टाइम्स गेम्सचं अ‍ॅप, त्यात वर्डल आणि कनेक्शन्स रोजचं एक-एक फुकट मिळतं. सुडोकूची अ‍ॅप तर ढिगाने आहेत.

आमचा क्रम असा, पहिले दोन आठवडे टँगो, मग क्वीन्स, बरोबर सुडोकू, मग वर्डल, आणि कनेक्शन्स सगळ्यात शेवटी.

टँगो

सहा बाय सहाची चौकट, प्रत्येक घरात सूर्य नाहीतर चंद्र. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत तीन सूर्य तीन चंद्र हवेत आणि एकसारखे तीन सलग येता कामा नयेत. दोन घरांच्या मधे बरोबरचं चिन्ह असेल तर दोन्हीत तेच, फुली असेल तर वेगवेगळं. एवढेच नियम आहेत, हे आईला पाच मिनिटांत समजलं.

सोप्या चाली सगळ्यांनाच पटकन सापडतात, दोन सूर्य शेजारी दिसले की दोन्ही बाजूंना चंद्र, आणि सूर्य-रिकामं-सूर्य असेल तर मधे चंद्र. अडकायला होतं ते यानंतर, आणि तिथेच लोक "हे टाकून बघू" सुरू करतात. त्याची गरज नाही, या दोन चाली पाठ करा.

पहिली. ओळीच्या दोन्ही टोकांना सूर्य आहे, म्हणजे पहिलं आणि सहावं घर. आता मधल्या चारात एकच सूर्य आणि तीन चंद्र यायचे. तो सूर्य दुसऱ्या घरात टाकला तर तीन-चार-पाच सलग चंद्र होतात, चालत नाही. पाचव्यात टाकला तर दोन-तीन-चार चंद्र, तेही चालत नाही. म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या घरात नक्की चंद्र! सूर्य तिसऱ्यात का चौथ्यात हे अजून माहीत नाही तरी दोन घरं भरून झाली.

दुसरी. पहिल्या दोन घरांत सूर्य-सूर्य आहे. तिसऱ्यात चंद्र हे उघड आहे, पण सहाव्यातही चंद्रच, कारण उरलेला एक सूर्य सहाव्यात गेला तर तीन-चार-पाच सलग चंद्र. ही चाल मला आईने दाखवली, बोट ठेवून, आणि मी वर्षभर खेळत असून मला माहीत नव्हती. अर्थात दोन्ही चाली सूर्याच्या जागी चंद्र घेऊन आणि उभ्या ओळीतही तशाच लागतात.

क्वीन्स

हा माझा सगळ्यात आवडता. रंगीत तुकडे पाडलेली चौकट असते, कधी ७ ओळींची कधी ८ कधी ९, आणि प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक रंगात एकच राणी बसवायची, आणि कुठल्याही दोन राण्या एकमेकींना चिकटायच्या नाहीत, तिरक्यासुद्धा नाहीत. बुद्धिबळातल्यासारखी लांबून तिरकी मारत नाही हे लक्षात ठेवा, फक्त शेजारचं घर चालत नाही. कोड्यांच्या दुनियेत हा प्रकार स्टार बॅटल म्हणून जुना आहे, २००३ च्या जागतिक कोडी स्पर्धेसाठी हान्स एंडेबाक या डच माणसाने बनवलेला.

एकदा टॅप केलं की फुली, म्हणजे इथे राणी नाही, परत केलं की राणी. नव्या माणसाची चूक एकच होते, तो राणी बसवायला बघतो. तुम्ही फुल्या मारा. सगळ्यात छोटा रंग शोधा, दोन किंवा तीन घरांचा. समजा निळा रंग आडवा तीन घरांचा आहे, सलग. राणी या तिघांपैकी कुठे ते माहीत नाही, तरी दोन गोष्टी नक्की आहेत. एक, त्या आडव्या ओळीत बाकी कुठल्याच रंगाची राणी येणार नाही, म्हणून उरलेल्या सगळ्या ओळीवर फुल्या. दोन, त्या तिघांतल्या मधल्या घराच्या बरोबर वरचं आणि बरोबर खालचं घर बघा, तिथे राणी बसवली तर ती तिन्ही निळ्या घरांना चिकटते, निळ्याला जागाच उरत नाही, म्हणून तिथेही फुली. रंग दोनच घरांचा असेल तर वरची दोन आणि खालची दोन अशी चारही घरं जातात. हे एवढं केलं की निम्मं कोडं मोकळं होतं बघा.

पुढची पायरी म्हणजे जोडी. दोन रंग असे सापडले की ते दोन्ही मिळून फक्त दोनच आडव्या ओळींत आहेत, तर त्या दोन ओळींच्या राण्या त्यांच्याच, बाकी सगळ्या रंगांच्या त्या ओळींतल्या घरांवर फुली. तीन रंग तीन ओळींतही तसंच, उभ्या ओळींतही तसंच. हे दिसायला डोळ्यांना सवय लागते, मला दीडेक महिना लागला.

सेटिंगमध्ये आपोआप फुल्या मारायची सोय आहे, राणी ठेवली की तिच्या ओळी आपोआप बंद होतात. पहिले पंधरा दिवस ती बंद ठेवा असं मी सांगेन, हाताने फुली मारताना ती का मारतोय हे डोक्यात बसतं. नंतर खुशाल चालू करा.

सुडोकू

हे बहुतेकांना येतं म्हणून थोडक्यात. नाव जपानी असलं तरी आजचं रूप अमेरिकेतलं आहे, हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टने बनवलेलं, १९७९ मध्ये तिथल्या कोड्यांच्या मासिकात छापलं गेलं, मग १९८४ मध्ये जपानच्या निकोली कंपनीने ते उचललं, आणि वेन गूल्ड या हाँगकाँगमधल्या निवृत्त न्यायाधीशाने कोडी बनवायचा प्रोग्रॅम लिहून २००४ साली लंडनच्या टाइम्सला दिलं, तिथून ते जगभरच्या पेपरांत पसरलं.

"या घरात काय येईल" असं बघू नका, "या नऊच्या चौकोनात ७ कुठे येईल" असं बघा. म्हणजे एक आकडा घ्यायचा आणि तो सगळीकडे फिरवायचा, मग दुसरा. अडकलात की पेन्सिल मोड चालू करून छोटे आकडे टाका. एका ओळीत दोन घरांत फक्त २ आणि ६ च शक्य असतील तर ओळीतल्या बाकी घरांतून २ आणि ६ खोडा, कोणतं कुठे हे कळलं नाही तरी चालेल. आणि एक लक्षात ठेवा, नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. त्यासाठी कमीत कमी १७ आकडे दिलेले लागतात हे २०१२ मध्ये आयर्लंडच्या गणितज्ञांनी कॉम्प्युटर लावून दाखवलं. म्हणजे तुम्हाला दिलेल्या कोड्यात तर्काने पुढे जायची वाट नक्की असते, दिसत नाहीये एवढंच.

वर्डल, आणि आपण मराठी माणसं

पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. हिरवं म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, पिवळं म्हणजे अक्षर आहे पण जागा वेगळी, राखाडी म्हणजे नाहीच. जॉश वॉर्डल या इंजिनिअरने तो त्याची जोडीदार पलक शहा हिच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द १२,००० च्या आसपास, त्यातले स्वतःला माहीत असलेले तिने निवडले तेव्हा अडीचेक हजारच उरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. हे सांगायचं कारण की उत्तरं मुद्दाम रोजच्या वापरातल्या शब्दांतून निवडलेली असतात, डिक्शनरीतला कोपऱ्यातला शब्द बहुतेक नसतोच. त्यामुळे "माझं इंग्रजी तेवढं नाही" हे डोक्यातून काढून टाका, आठवी-नववीचं इंग्रजी पुरतं.

आपली अडचण वेगळीच आहे. आपण कानाने विचार करतो, मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं. आई सुरुवातीला 'नाइफ' हा शब्द चार अक्षरी म्हणून सोडून द्यायची कारण पुढचा मुका 'के' तिच्या हिशोबातच नव्हता. म्हणून मनात शब्द बोलू नका, कागदावर पाच रेघा ओढून अक्षरं लिहा, पहिले महिनाभर तरी. दुसरं म्हणजे आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो आणि हा खेळ अमेरिकन आहे, 'ह्यूमर' आणि 'फेव्हर' हे शब्द २०२२ मध्ये उत्तर म्हणून आले तेव्हा मधला 'यू' नसल्याने ब्रिटिश लोकसुद्धा वैतागले होते. तिसरं, तेच अक्षर दोनदा येऊ शकतं हे विसरू नका.

पहिला शब्द रोज तोच ठेवा. 'क्रेन' किंवा 'स्लेट' चांगले, त्यांत 'ए' आणि 'ई' हे दोन स्वर आहेत आणि बाकीची अक्षरंही नेहमी लागणारी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सापळा. समजा तिसऱ्या प्रयत्नाला तुमची शेवटची चार अक्षरं हिरवी झाली, आय-जी-एच-टी. आनंद होतो, पण हा खरा धोका आहे कारण पुढे लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, एट असे आठ शब्द बसतात आणि तुमच्याकडे तीनच प्रयत्न उरलेत. एकेक टाकत बसलात तर बहुतेक हरणार. त्याऐवजी एक प्रयत्न मुद्दाम खर्च करा, 'फिल्म्स' टाका, एफ-आय-एल-एम-एस. तो उत्तर असणारच नाहीये, पण एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एका दमात तपासली जातात. त्यातलं एखादं रंगलं तर उत्तर हातात, फाइट, लाइट, माइट किंवा साइट. चारही राखाडी आली तर उरले नाइट, राइट, टाइट, एट. आता 'इनर्ट' टाका, आय-एन-ई-आर-टी. एन रंगला तर नाइट, आर रंगला तर राइट, ई रंगला तर एट, आणि तिघांपैकी काहीच नाही तर टाइट. सहाव्या प्रयत्नाला नक्की उत्तर, नशिबाचा संबंध नाही! फक्त हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही कारण त्यात मिळालेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, म्हणून हार्ड मोडच्या नादी लागू नका.

कनेक्शन्स

सोळा शब्द, चार-चारचे चार गट करायचे, चार चुका झाल्या की खेळ संपला. पिवळा गट सोपा, मग हिरवा, निळा आणि जांभळा सगळ्यात अवघड. हा खेळ जून २०२३ ला आला. खरं सांगते, हा आपल्याला जड जातो कारण अमेरिकेतल्या खेळांच्या टीम, नाश्त्याचे ब्रँड, तिकडच्या मालिका हे सगळं त्यात येतं, ते माहीत नसणं ही तुमच्या बुद्धीची कमी नाही. पण इथेही खोडायचीच पद्धत चालते. समजा एप्रिल, मे, जून, ऑगस्ट, मार्च असे पाच शब्द दिसले, तर लगेच चार दाबू नका, पाच आहेत म्हणजे त्यातला एक दुसरीकडचा आहे, बघा वॉक, पेस, स्ट्राइड पण आहेत का, असतील तर मार्च तिकडचा. आपल्याला पाचवा बसतोय का हे बघितल्याशिवाय मी कुठलाच गट देत नाही. एकच शब्द चुकला असेल तर खेळ तसं सांगतो, तेव्हा चिडून लगेच दुसरा बदलून न देता तो गट बाजूला ठेवा आणि दुसऱ्या गटाकडे वळा, तिकडे गेलं की चुकार शब्द आपोआप सापडतो.

वेळ, स्ट्रीक, फॅमिली ग्रुप

वर्डल तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे रात्री बाराला बदलतं, लिंक्डइनचे खेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि थंडीत दीड. हे माहीत नसल्याने आईची पहिली स्ट्रीक, म्हणजे सलग खेळलेल्या दिवसांची मोजणी, तुटली होती, ती दुपारी जेवण झाल्यावर खेळायला बसली तोवर कालचं कोडं गेलेलं. तिला फार वाईट वाटलं, सतरा दिवस झाले होते. तेव्हापासून आम्ही सकाळीच खेळतो.

फॅमिली ग्रुपवर रंगीत चौकोनांचा रिझल्ट टाका, पण उत्तर लिहू नका. आमची मावशी न्यू जर्सीला आहे, आमचं वर्डल तिच्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास आधी उघडतं, एकदा मामाने उत्साहात शब्दच लिहिला आणि तिची सकाळ गेली. आमचा नियम आहे, मावशीचे चौकोन आल्याशिवाय त्या शब्दाबद्दल बोलायचं नाही.

अडकलात तर लगेच हिंट घेऊ नका, फोन ठेवा, भाजी चिरा, आंघोळ करा, परत या. मी घड्याळाकडे बघतच नाही, बाकीच्यांनी किती सेकंदांत सोडवलं ते बघितलं की हात आपोआप अंदाज मारायला लागतो.

पैशांचं एक सांगायचंच आहे. मागे एका कोड्यांच्या अ‍ॅपवर सात दिवस फ्री बघून मी ओके केलं, आठव्या दिवशी वर्षभराचे पैसे कापले गेले. अ‍ॅप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे तेव्हा कळलं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, आपल्या फोटोवर टॅप करा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथून कॅन्सल करा. घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये तर हे आजच बघून घ्या. आणि मेंदू तल्लख होतो, विसरभोळेपणा जातो अशा जाहिरातींवर पैसे देऊ नका, अशाच दाव्यांवरून ल्युमॉसिटी या अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते. कोडं आवडतं म्हणून खेळा.

मराठीत खेळायचं असेल तर

वर्डलची लाट आली तेव्हा मराठीतही तसे खेळ बनले, पण आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आमचाच खेळतो, अ‍ॅपच लागत नाही. एकाने तीन अक्षरी शब्द मनात धरायचा, जोडाक्षर नसलेला. दुसऱ्याने शब्द पाठवायचा आणि पहिल्याने रंगीत गोल पाठवायचे. अक्षर काना-मात्रेसकट बरोबर जागी असेल तर हिरवा, व्यंजन बरोबर जागी पण काना-मात्रा वेगळी असेल तर पिवळा, व्यंजन शब्दात दुसऱ्या जागी असेल तर निळा, नसेलच तर काळा.

परवाचा डाव सांगते. मी पाठवलं 'दुपारी', आईचं उत्तर निळा-काळा-हिरवा. म्हणजे शेवटी री नक्की आणि द कुठेतरी आहे, पण पहिला नाही आणि शेवटी री आहे, म्हणजे द मधेच. मग मी पहिलं अक्षर शोधायला 'शेजारी' टाकलं, पिवळा-काळा-हिरवा. श आहे पण शे नाही. आता श-काहीतरी, द-काहीतरी, री. 'शिकारी' टाकून शि तपासला, हिरवा-काळा-हिरवा. मग द ला सगळ्या मात्रा लावून बघितल्या, शिदारी नाही, शिदुरी नाही, शिदेरी नाही, आणि चौथ्या प्रयत्नाला आलं, शिदोरी. आईने लगेच लिहिलं, "शेजारीची गरजच नव्हती, शि आधीच टाकायचास". आज तिची पाळी आहे ओळखायची, मी 'पाखरू' धरलंय.